आबासाहेब कितीदा हरले?

प्रश्न: सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, एकदाही हरले नाहीत असं मित्र म्हणतो, खरंय का?

उत्तर: नाही हो, दोनदा हरलेत, 1972 ला आणि 1995 ला. पण 1962 ला पहिल्यांदा आमदार झाले ते 2014 पर्यंत 11 वेळा निवडून आले, तेही एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षातून, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप)! 1972 चा पराभव तर 1974 च्या पोटनिवडणुकीत भरूनही काढला. मला 1999 चा विजय सगळ्यात मोठा वाटतो, सत्तरी ओलांडल्यावर गेलेली सीट परत आणायची म्हणजे गावोगाव माणसं जोडलेली लागतात, नुसत्या लाटेवर ते होत नाही. 2019 ला ते स्वतः उभेच राहिले नाहीत.