पिजिन या चॅट-सॉफ्टवेअरमध्ये एक्सएमपीपी (चॅटचा एक खुला प्रोटोकॉल, म्हणजे संदेश पाठवायची ठरलेली पद्धत) खातं जोडताना ‘नॉट ऑथराइज्ड’ येतं, पासवर्ड तर बरोबर आहे. काय चुकतंय?

अनेकदा पत्ता नीट भरलेला नसतो. ‘अकाउंट्स’मधून ‘मॅनेज अकाउंट्स’ उघडा, ‘अ‍ॅड’ दाबा, प्रोटोकॉल एक्सएमपीपी निवडा. आता युजरनेममध्ये @ च्या आधीचाच भाग टाका आणि नंतरचा डोमेनमध्ये. यातलं काही चुकलं की सर्व्हर भलत्याच नावाचं खातं शोधत बसतो आणि खापर पासवर्डवर फुटतं. रिसोर्स (तुमचं उपकरण ओळखायचं नाव) रिकामा ठेवला तरी चालतो.

मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब. तिथे ‘रिक्वायर एन्क्रिप्शन’ निवडा आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ५२२२ ठेवा. ‘कनेक्ट सर्व्हर’ कोराच सोडा. सर्व्हरचा पत्ता डीएनएसमधून (इंटरनेटवरची नावं आणि पत्त्यांची यादी) आपोआप मिळतो. सेवेने वेगळं होस्टनेम दिलं असेल तरच तिथे लिहा. ५२२३ हे जुन्या पद्धतीच्या एसएसएलचं (एन्क्रिप्शनचा एक प्रकार) पोर्ट, ते निवडलंत तर एन्क्रिप्शनचा पर्यायही ‘ओल्ड-स्टाइल एसएसएल’ करावा लागतो, नाहीतर जोडणी नुसती लटकते.

‘क्रिएट धिस न्यू अकाउंट’वर टिचकी मारू नका, खातं आधीच आहे ना!

आणि हो, ‘रिमेंबर पासवर्ड’ जपून. पिजिन २ तो accounts नावाच्या एक्सएमएल फाइलीत उघड्या अक्षरांत ठेवतो. सामायिक संगणकावर ती खूण काढाच.