मूठ कुणाची ते आधी शोध

प्रिय पोरी,

परवा तू दाखवलेला कॅनव्हास घरी आल्यावरही डोळ्यांपुढून हलेना. भलीमोठी मूठ, तिच्यात आवळलेली पृथ्वी, बोटांच्या फटींतून ठिबकणारं निळं पाणी. हात फार चांगला काढलास, नखांखालची सावलीसुद्धा नीट उतरलीय. पण ती मूठ कुणाची हे चित्रात कुठंच नाही. तिला बाही नाही, मनगटावर घड्याळ नाही, बोटावर सहीच्या शाईचा डाग नाही. माणसांवर आणि निसर्गावर सत्ता कशी चालते यावर तुला काम करायचंय ना? मग तो हात जिथं खरोखर हलतो तिथं जाऊन उभी राहा. कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही.

आपल्याकडच्या नकाशांवर दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी, सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधायला मनाई, दोन्हींच्या मधे अटी. आपण जन्मभर रेषेचा रियाज करतो, पण जमिनीचा भाव ठरवणारी रेषा आपल्यातल्या कुणी काढलेली नाही. तो नकाशा मिळव. रेषा कुणाच्या दारातून जाते ते चालत जाऊन बघ.

दुसरी रेषा पाणी ओढतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्याही. 2019 ला माझ्या तळमजल्यावरची पंचगंगा घाटाची सगळी जलरंगचित्रं भिजली. उन्हात वाळवली, पण बहुतेक टाकून द्यावी लागली. एक ठेवलंय. दीपमाळेच्या बरोबर मधून गाळाची तपकिरी रेघ गेलीय. वर रंग जसाच्या तसा, खाली नुसता कागद. कितीतरी वर्षं मी तो घाट देखणा म्हणूनच काढत आलो होतो. चित्रकार आबालाल रहमान यांच्या गावात वाढलेल्याला निसर्गचित्राची ओढ असणारच, ती तू सोडूही नकोस. पण माझ्या एकाही चित्रात धरण नव्हतं, बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे नव्हते, नदीतून पाणी उपसायला उन्हाळ्यात येणारी बंदी नव्हती. राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, तिथं मूठ दिसतच नाही. पण पाणी किती आणि कधीपर्यंत साठवायचं, कुणाच्या मोटारी कुठल्या दिवशी बंद, हे कुठल्यातरी टेबलावर ठरतं. त्या टेबलाचं चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

मूळचे जर्मन कलावंत हान्स हाके यांनी 1972 साली क्रेफेल्ड शहरातल्या संग्रहालयात ऱ्हाइन नदीचं घाण पाणी आणून ठेवलं. मोठ्या बाटल्या, पंप, गाळण्या, आणि शेवटी स्वच्छ झालेल्या पाण्याच्या टाकीत पोहणारे गोल्डफिश. तेच शहर आपलं सांडपाणी नदीत सोडत होतं आणि संग्रहालयही त्याच शहराचं. मला त्यातली ही गोष्ट सगळ्यात धाडसाची वाटते. मासे बघायला आलेल्या माणसाला दुसरीकडं बोट दाखवायला जागाच उरली नाही. आता तू उठून आपल्या शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याची बाटली भरून आणू नकोस, ती नक्कल होईल. त्यांनी प्रश्न दारातला घेतला आणि काम यंत्राकडून करून घेतलं, तेवढं शिक.

आपल्याच राज्यातले चित्रकार प्रभाकर पाचपुते बघ. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत घरच्या पिढ्या राबलेल्या, आणि ते खाणींवरची चित्रं कोळशानंच काढतात. माध्यम विषयातूनच वर आलंय. तू मात्र ॲक्रिलिक घेतलंस, कारण ते कपाटात होतं.

तुझ्या मुठीसाठी एक जागा सुचवतो. गळीत हंगामात ऊसतोडीला टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं, आणि मोजणी हत्याराची. उचलही कोयत्यावर. गेल्या हंगामात एका फडात मी कोयत्याची मूठ जवळून पाहिली. जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, घामानं आणि उसाच्या रसानं काळी, चिकट, आणि तिच्यात त्या बाईच्या चार बोटांचे खड्डे पडलेले. तू काढलेल्या मुठीपेक्षा त्या चिंधीत मला जास्त दिसलं.

पण तिथं गेलीस की मोबाईल लगेच वर करू नकोस. ज्याच्या हातात कॅमेरा, त्याचीही समोरच्यावर सत्ता चालते, आणि ती आपली आपल्याला दिसत नाही. मी फार उशिरा शिकलो. तरुणपणी एका खोपीपुढं न विचारता स्केच करत बसलो होतो. आतली बाई उठून पाठ करून बसली, आणि मी तिची पाठही काढली. ते स्केच मी कधीच कुठं लावलं नाही. तू आधी बस, बोल, नाव विचार, चित्र त्यांना दाखव. नको म्हणाले तर वही मिट.

मोठा कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेव, फाडू नकोस. पावसाळ्याआधी बंधाऱ्यांचे बरगे काढायला सुरुवात होईल, तेव्हा सकाळी लवकर जा. बरगा कोण उचलतं, कुणाच्या सांगण्यावरून, पाणी सुटल्यावर पहिला आवाज कसा येतो, एवढंच लिहून आण. रंग घरी राहू देत.

तुझा,
सर