वाचकांचे प्रश्न : पॉडकास्टला कॅमेरा लागतोच का?

या महिन्यात पॉडकास्टवरच इतके प्रश्न आले की अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचं नाव काढून छापलंय त्यांनी समजून घ्या.

प्रश्न : मी सांगलीजवळ शाळेत मराठी शिकवते. गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या आणि आठवणी यांचा पॉडकास्ट करायचा मनात आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, आता व्हिडिओ नसेल तर कोणी ढुंकून बघत नाही, आधी तीन कॅमेरे घ्या. तेवढे पैसे नाहीत. थांबू का?

ताई, अजिबात थांबू नका. ज्या बायकांच्या ओव्या तुम्हाला हव्यात त्या थांबणार नाहीयेत, तिथे वर्ष-सहा महिनेसुद्धा फार असतात.

आता लोक कॅमेरा-कॅमेरा का करतायत ते सांगते. यूट्यूबने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की महिन्याला १०० कोटींहून जास्त लोक त्यांच्याकडे पॉडकास्ट बघतात किंवा ऐकतात. अमेरिकेत एडिसन रिसर्च दरवर्षी पाहणी करतं, त्यात २०२५ ला १२ वर्षांवरचे ५५ टक्के लोक महिन्यातून एकदा तरी पॉडकास्ट ऐकतात किंवा बघतात असं निघालं, आणि या 'किंवा बघतात'मध्येच सगळं आलं बघा. आपल्याकडेही 'अमुक तमुक' म्हणा, 'मित्रम्हणे' म्हणा, बहुतेकांना ते यूट्यूबवरच भेटलेत. गप्पांच्या शोला व्हिडिओचा फायदा होतो यात वादच नाही, पाहुणा ओळखीचा असेल तर त्याचा चेहरा बघायला लोक थांबतात आणि त्यातल्या एका मिनिटाच्या रील्स फिरतात, त्यातून नवे लोक येतात.

पण तुमचा विषय गप्पांचा नाहीये ना. जी बाई जात्यावर बसून मोकळी गाते, ती कॅमेरा समोर आला की पदर सावरून ताठ बसते, मग ओवी पाठ म्हटल्यासारखी येते. साधा रेकॉर्डर किंवा मोबाइल बाजूला ठेवला तर तो असल्याचं पाच मिनिटांत त्या विसरतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून जो जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प उभा केला त्यात १ लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्या आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर आहेत. सुरू करण्याआधी तो जरूर ऐका, जात्याची घरघर आणि आवाज, एवढ्यावर डोळ्यात पाणी येतं.

सामान म्हणाल तर मोबाइल, एक कॉलरला लावायचा माइक आणि एडिटिंगला ऑडॅसिटी, ते फुकट आहे. पंखा बंद करा, पत्र्याच्या खोलीत बसू नका, गाद्या-रजया असलेली खोली सगळ्यात चांगली. दोन मिनिटं कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, एडिट करताना जोड झाकायला उपयोगी पडतो. आणि त्या बायकांना आधी विचारा, हे कुठे-कुठे जाणार ते नीट समजावून सांगा, मग त्यांचं नाव त्यांना हवं तसंच द्या.

अजून एक हिशोब. ६४ केबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, बोलण्याला पुरेसा दर्जा) एका तासाचा ऑडिओ साधारण २९ एमबीचा होतो. व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट डेटा जातो आणि स्क्रीनही चालू ठेवावी लागते. भाकऱ्या थापताना, एसटीत, शेतात पाणी धरताना ऐकणारी माणसं आहेत आपल्याकडे, त्यांचे डोळे मोकळे नसतात, कान असतात. मला तर हाच आपला खरा श्रोता वाटतो.

प्रश्न : माझे साठेक भाग झालेत. गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा फार टेन्शन आलं होतं. उद्या दुसरं ॲप बंद झालं तर? (पुणे)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. गूगलने ते ॲप अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये आणि बाकी जगात जूनमध्ये बंद केलं, तरी तुमचा शो मेला नाही, बरोबर? कारण तो त्या ॲपमध्ये नव्हताच. तो तुमच्या होस्टिंगवर, म्हणजे फाइल्स ठेवायला घेतलेल्या सर्व्हरवर असतो आणि आरएसएस फीड नावाची एक यादी तिथून निघते, प्रत्येक ॲप ती यादी वाचून नवा भाग दाखवतं. म्हणजे ॲप हे नुसतं दुकान, माल तुमच्या गोदामात. यूट्यूबवर मात्र थेट चॅनेल चालवता तेव्हा दुकान आणि गोदाम दोन्ही त्यांचं.

म्हणून व्हिडिओ करा, खुशाल करा, पण फीड बंद करू नका. फीडमधला ईमेल पत्ता तुमचा स्वतःचा असू द्या, मूळ फाइल्स हार्ड डिस्कवर ठेवा, आणि होस्टिंग बदललं तर जुन्या फीडवरून नव्याकडे वळवायची सोय आहे का ते सही करण्याआधी विचारा. मी एका कंपनीसाठी केलेली मालिका तिथल्या सर्व्हरवरूनच नाहीशी झाली, माझ्याकडे कॉपी नव्हती, चौदा भाग गेले. त्यातले दोन पाहुणे आता हयात नाहीत. म्हणून एवढं कळकळीनं सांगतेय.

प्रश्न : यात पैसा आहे का? नोकरी सोडू का? (नाशिक)

नोकरी सोडू नका, निदान पहिली दोन वर्षं.

पैसा आहे, अमेरिकेत पॉडकास्टवरच्या जाहिरातींची उलाढाल २०२३ मध्ये १.९ अब्ज डॉलर होती. पण तो वाटला कसा जातो ते बघा. गाणी आणि पॉडकास्ट ऐकवणाऱ्या स्पॉटिफायने २०१९ ला गिमलेट ही पॉडकास्ट बनवणारी कंपनी आणि अँकर हे पॉडकास्ट करायचं ॲप विकत घेतलं, २०२० ला जो रोगन या गप्पांच्या शोवाल्या अमेरिकी माणसाला फक्त स्वतःकडे बांधून घेतलं, आणि २०२३ च्या जूनमध्ये पॉडकास्टच्या विभागातली सुमारे २०० माणसं काढली, २०२४ ला रोगनचा शो परत सगळीकडे मोकळा केला. ॲमेझॉनने घेतलेल्या वंडरी या पॉडकास्ट कंपनीचंही ऑगस्ट २०२५ मध्ये तेच, कंपनी मोडून तुकडे वेगवेगळ्या विभागांत टाकले. कात्री लागली ती बहुतेक महिनोन्‌महिने शोध घेऊन, एकेक आवाज जोडून केलेल्या मालिकांना, आणि पैसा गेला ओळखीच्या चेहऱ्यांच्या गप्पांकडे. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण २०१४ मध्ये 'सीरियल' या एका खुनाच्या खटल्याचा शोध घेणाऱ्या अमेरिकी मालिकेने जगाला पॉडकास्टची गोडी लावली ती अशाच कामातून.

मराठीत नुसत्या जाहिरातींवर घर चालवणं अवघड आहे. सभासद वर्गणी, प्रत्यक्ष कार्यक्रम, एखाद्या संस्थेसाठी मालिका करून देणं, असं चार बाजूंनी जमवावं लागतं.

प्रश्न : एआय आता दोन माणसांच्या गप्पा स्वतःच बनवतं. मग आमची गरज काय? (फोंडा, गोवा)

गूगलच्या नोटबुक एलएममध्ये सप्टेंबर २०२४ ला ती सोय आली, कागद टाकला की दोन आवाज त्यावर बोलतात, आणि २०२५ मध्ये ती ५० हून जास्त भाषांत गेली. माहिती समजावून सांगणारे, कुठूनतरी वाचून बोलणारे शो यापुढे ढिगाने येणार, त्यांच्याशी शर्यत लावू नका.

पण दादा, कागद टाकल्याशिवाय ते बोलत नाही. तुमच्या फोंड्याच्या बाजारातली बाई चवथीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान विकताना कुठलं फळ कुठल्या रानातून आणलं ते कसं सांगते, हे कुठल्याच कागदावर नाहीये. या चवथीला रेकॉर्डर घेऊन पहाटेच जा, दहानंतर गाड्यांचा हॉर्न फार येतो.