केएम कमी म्हणजे पकड घट्ट, हे वाहक प्रथिनांना लागू पडतं का?

ग्लुट ही पेशीच्या पडद्यातून ग्लुकोज ने-आण करणारी वाहक प्रथिनं, आणि केएम म्हणजे ज्या प्रमाणाच्या ग्लुकोजला त्यांचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ते प्रमाण. तुम्ही विचारलंय, मेंदूतल्या ग्लुट३चा केएम यकृतातल्या ग्लुट२पेक्षा कितीतरी कमी, मग त्याची ग्लुकोजवरची पकडही तितकीच घट्ट ना?

केएमवरून तसं ठरवता येत नाही. एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मीही हेच ठोकून दिलं होतं. परीक्षकांनी एवढंच विचारलं, “रिकामा वाहक परत कसा येतो?” मी गप्प. त्या शनिवारी गुहागरला घरी जाताना दाभोळच्या जेटीवर धोपाव्याहून येणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत बसलो, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

बोट म्हणजे वाहक, गाडी म्हणजे ग्लुकोज. समजा, बोटीत एकच गाडी मावते. भरलेली बोट झपकन पलीकडे जाते, रिकामी मात्र रेंगाळत परतते. मग अलीकडे गाड्या तुरळक असल्या तरी बिघडत नाही, कारण बोटीचा वेळ गाडीची वाट बघण्यात जातच नाही, परतीत जातो. थोड्याशा गर्दीतच ती कमाल वेगाच्या निम्म्यावर पोचते. गाडीवरची पकड होती तशीच राहिली आणि केएम खाली आला.

वाहकाचं हे गणित शरीरक्रियाशास्त्रज्ञ विडास यांनी १९५२ सालीच मांडलं, तेही मेंढीच्या वारेतून ग्लुकोज कसं जातं हे बघताना. ग्लुकोजचं बांधणं-सुटणं झटपट आणि पेशीच्या आत ग्लुकोज शून्य धरलं, तर (केडी म्हणजे खऱ्या पकडीचं माप, जितका कमी तितकी पकड घट्ट):

केएम = केडी × (१ + रिकामा जाण्याचा वेग ÷ रिकामा परतण्याचा वेग) ÷ (१ + भरलेला जाण्याचा वेग ÷ रिकामा परतण्याचा वेग)

भरलेल्याचा वेग सेकंदाला ९०० आणि रिकाम्याचा दोन्हीकडे १०० घेऊन बघा. केएम केडीच्या पाचव्या हिश्शावर येतो.

तांबड्या पेशींत हे खरंच दिसतं. आत-बाहेर सारखंच ग्लुकोज ठेवून किरणोत्सारी खूण केलेलं किती जातं ते मोजलं, तर आत ग्लुकोज नसतानाच्या मानाने तिथल्या ग्लुट१ या वाहकाचा व्हीमॅक्स, म्हणजे कमाल वेग, वाढतो आणि केएमही वाढतो. परतीची गाडी मिळाली की बोट लवकर येते, दुसरं काय! प्रथिन तेच, साखर तीच.

म्हणून तक्त्यात ग्लुट२ला १७ आणि ग्लुट३ला १.५ मिलिमोलरच्या आसपास दिसलं, की ‘एवढ्या साखरेला निम्मा वेग’ इतकंच वाचा, आणि मोजताना आत ग्लुकोज होतं की नव्हतं तेही बघा. यकृत आणि मेंदू यांतला फरक समजायला हा आकडा पुरतो. पकडच हवी असेल तर वाहतूक बाजूला ठेवून नुसतं बंधन मोजावं लागतं.