‘ट्टॉक’ला शब्द म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की भा. रा. भागवतांच्या गोष्टींतला फास्टर फेणे सतत ‘ट्टॉक’ करतो, तो शब्द कोशात का नाही, आणि मुलीला वाचून दाखवताना त्याचा उच्चार नक्की कसा करायचा.

उच्चाराचं आधी. वाचायचाच नाही, वाजवायचा! जीभ टाळूला घट्ट चिकटवा आणि झटक्यात खाली ओढा, झालं. टांगेवाले घोड्याला हाकताना काढायचे त्याच जातीचा आवाज. आता गंमत अशी की आपल्या मुळाक्षरांचं सगळं काम बाहेर जाणाऱ्या श्वासावर चालतं आणि हा आवाज त्या श्वासाचा नाहीच, जीभ आणि टाळूच्या मधे पोकळी होते ती फुटल्याचा आहे, त्यामुळे त्याला अक्षरच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत असली व्यंजनं रोजच्या बोलण्यात असतात, त्यातलं एक अगदी बाटलीचं बूच उडाल्यासारखं ऐकू येतं.

मग भा. रा. भागवतांनी काय केलं बघा. नुसतं ‘टॉक’ लिहिलं असतं तर कुणीही सरळ वाचून पुढे गेलं असतं. त्यांनी सुरुवातीलाच ‘ट्ट’ ठेवला. मराठीत पट्टा, खट्टू, चिठ्ठी सगळं आहे पण शब्दाच्या तोंडाशीच असं द्वित्त येत नाही, म्हणजे वाचणारं पोर तिथे अडखळणारच, आणि अडखळलं की जीभ आपोआप टाळूला जोर लावून बसते. पुढे डॉक्टर-कॉफीतला ‘ऑ’, की तोंड गोल. मला तर हा शब्द कमी आणि जिभेला दिलेल्या सूचना जास्त वाटतात. (लहानपणी मी जेवताना सराव करायचे आणि धपाटा खायचे.)

जिभेच्या आवाजाचे शब्द कोशात नाहीत असं नाही हं. चुकचुकणे आहे की! पण ते हळहळीचं, नाहीतर मनात शंकेची पाल चुकचुकते त्यातलं. फुरसुंगीच्या बन्याचा, म्हणजे आपल्या फास्टर फेणेचा, ट्टॉक आश्चर्याचा, डोक्यात काहीतरी चमकल्याचा. व्याकरणात बसवायचंच तर मी त्याला ‘अबब’च्या शेजारी, केवलप्रयोगी अव्ययात बसवेन. ‘ट्टॉकणे’ असं क्रियापद मात्र झालं नाही, आपण ‘ट्टॉक केलं’ म्हणतो, आणि शब्द एकाच पोराच्या तोंडी राहिला म्हणून कोशात गेला नसावा असा आपला माझा अंदाज.

भागवतांचा (१९१०–२००१, जन्म इंदूरचा) कान असाच होता. ज्यूल व्हर्नची धूमकेतूवरची कादंबरी मराठीत आणली तर नाव ठेवलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. धूमकेतू म्हटलं की शाळेचं पुस्तक आठवतं, शेंडेनक्षत्र म्हटलं की आकाशात शेंडीच दिसते, आणि वर ‘मुक्काम’, म्हणजे पोस्टकार्डावर पत्ता घालून तिकडे पत्र टाकावं इतकं ते जवळचं!

तर मुलीला आधी स्वतःला करू द्या. समोरचे दात पडलेले असले तरी येतो.