‘वेल प्लेड’ नेमके केव्हा म्हणावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २९ वर्षांचा असून ठाण्यात राहतो. माझा मावसभाऊ माझ्याहून ७ वर्षांनी लहान आहे आणि पुण्यात शिकतो. टाळेबंदीत आम्ही दोघांनी ‘हार्थस्टोन’ हा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ सुरू केला आणि तेव्हापासून रात्री एखाददुसरा डाव ठरलेला असे. एरवी मी अनोळखी लोकांशीही खेळतो. त्यांच्याशी बोलता येत नाही, फक्त ठरावीक सहा इमोट, म्हणजे खेळानेच तयार ठेवलेले छोटे संदेश, पाठवता येतात, आणि त्या सहांतूनच लोकांनी मला इतके डिवचले की मीही ते शिकलो. गेल्या महिन्यात भावाशी खेळताना त्याची हेल्थ, म्हणजे शून्य झाली की डाव हरतो ते गुण, २ उरली होती आणि माझा विजय समोर दिसत होता. मी लगेच मारले नाही. हातातली बाकीची पाने एकेक करून टाकली, रोप, म्हणजे पाळीची वेळ संपत आल्याचे दाखवणारी वात, जळू दिला आणि मध्ये मध्ये ‘वाव’, ‘ऊप्स’, ‘वेल प्लेड’ पाठवत राहिलो. त्याने डाव सोडला आणि मला मित्रयादीतून काढून टाकले. त्यानंतर घरच्या साखरपुड्यातही तो माझ्याशी बोलला नाही. मावशीने कारण विचारले, तेव्हा मी ‘काही नाही, अभ्यासाचा ताण असेल’ असे सांगून वेळ मारून नेली. ताई, मी त्याला एकही वाईट शब्द बोललेलो नाही. खेळानेच दिलेले सभ्य शब्द वापरले. मग माफी नेमकी कशाची मागायची? आणि हे सगळेच करतात, त्याचे काय?

— एक वाचक, ठाणे

प्रिय वाचक,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘मी लगेच मारले नाही’ हे वाक्य तुम्ही लिहिले आहे आणि ते प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणूनच तुमच्याशी मोकळेपणाने बोलावेसे वाटते. माफी मागायची ती त्या थांबण्याची. पाठवलेले तिन्ही इमोट त्या थांबण्याला जोडूनच आले आणि त्यामुळेच ते भावाला लागले.

हा खेळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगते. ‘हार्थस्टोन’ मार्च २०१४ मध्ये आला. समोरचा अनोळखी असेल तर त्याला काहीही लिहून पाठवता येत नाही. आपल्या हिरोच्या, म्हणजे आपण ज्या पात्राच्या नावाने खेळतो त्याच्या, चित्रावर बोट दाबले की ग्रीटिंग्ज, वेल प्लेड, थँक्स, वाव, ऊप्स आणि थ्रेटन असे सहा पर्याय उमटतात आणि त्यांतला एक हिरोच्या आवाजात समोरच्याला ऐकू जातो. या व्यवस्थेमागचा हेतू मला मनापासून पटतो. मोकळ्या चॅटच्या खेळांत आईबहिणीवरून, जातीवरून, रंगावरून काय काय लिहिले जाते हे ज्यांनी सोसले आहे, विशेषतः मुलींनी आणि शाळकरी मुलांनी, त्यांना या सहा शब्दांच्या कुंपणाची किंमत ठाऊक आहे. कुंपण घातल्यामुळे शिव्या थांबल्या, हे खरेच आहे. मात्र डिवचणे त्यामुळे थांबले नाही, कारण डिवचायला शिवी लागतेच असे नाही. सुरुवातीला या सहांमध्ये ‘वाव’च्या जागी ‘सॉरी’ होते. समोरच्याचे नशीब फिरले की त्याला ‘सॉरी’ पाठवायचे, अशी रीतच पडून गेली आणि २०१६ मध्ये तो शब्द काढून टाकला गेला. क्षमेचा शब्द खिजवण्यासाठी इतका वापरला जावा की तो यादीतूनच काढावा लागावा, यावर तुम्ही थोडा विचार करावा असे मला वाटते, कारण तुमचा सगळा युक्तिवाद शब्द सभ्य असल्यावरच उभा आहे. त्याच वर्षी ‘क्लॅश रोयाल’ आला. पत्त्यांचा संच घेऊन लढण्याच्या त्या खेळात खदखदून हसणारा आणि डोळे पुसणारा राजा होता, आणि गड पडल्यावर तो हसरा राजा पुन्हा पुन्हा पाठवण्याचा एवढा त्रास झाला की म्यूटची सोय द्या म्हणून खेळाडूंनी धोशा लावला. कंपनीने आधी नकार दिला, मग त्याच वर्षी ती सोय दिली. ‘मॅजिक: द गॅदरिंग अरीना’ या खेळात ‘युअर गो’ असा अगदी निरुपद्रवी इमोट आहे, पण समोरचा अडचणीत सापडून विचार करत असताना तो दोनदा-तीनदा आला की त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

या सर्व ठिकाणी शब्द कंपनीने ठरवलेले असतात, पण ते कधी पाठवायचे हे खेळणारा ठरवतो. त्यामुळे जबाबदारी पाहायची झाली तर ती वेळेच्या निवडीत पाहावी लागते. ‘वेल प्लेड’चेच घ्या. समोरच्याने एखादी अवघड चाल साधली आणि तुम्ही लगेच तो इमोट पाठवला, तर ती निखळ दाद असते. हरणाऱ्याने, आता वाचण्याचा मार्ग नाही हे ओळखून, शेवटचा घाव बसण्याआधी तो पाठवला तर त्याहून खिलाडू गोष्ट या खेळात दुसरी नाही. जिंकणाऱ्याने तो आधी पाठवला की मात्र गोंधळ होतो. या खेळात शेवटचा घाव बसताच समोरचा हिरो फुटतो आणि डाव तिथेच संपतो, त्यामुळे विजयानंतर दोन चांगले शब्द बोलायला सवडच राहत नाही. म्हणून काही भली माणसेही घाव घालण्याच्या क्षणभर आधी ‘वेल प्लेड’ पाठवतात, आणि आधीच दुखावलेल्या माणसाला ते टोचते. अशा वेळी दोघांचेही चुकलेले नसते. तुमची गोष्ट यात बसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. एका पाळीला साधारण ७५ सेकंद मिळतात आणि वेळ संपत आली की पटाच्या मधोमध रोपची ती जळती वात सरकू लागते. ती सबंध पाळी तुम्ही वापरलीत, ज्यांचा आता काहीही उपयोग नव्हता ती पाने एकेक करून मांडलीत, आणि तेवढा वेळ तुमचा भाऊ काहीही करता येत नसताना पडद्याकडे पाहत बसला. तीन इमोट नसते तरी हे खिजवणेच झाले असते.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येते. ‘मी एकही वाईट शब्द बोललो नाही’ या वाक्याने मला तुमच्या कृतीपेक्षा जास्त काळजीत टाकले. अनोळखी माणसाच्या बाबतीत तुमच्यापाशी सहा शब्दांखेरीज दुसरे साधन नसते, हे मान्य. पण भाऊ तुमच्या मित्रयादीत होता, त्याच्याशी तिथल्या तिथे लिहून बोलता येत होते, आणि फोन तर हातातच होता. चिडवायचेच होते तर ‘काय रे, आज कुठे गेली तुझी हुशारी’ असे स्वतःच्या शब्दांत चिडवता आले असते, त्याने दोन शब्द ऐकवले असते आणि विषय तिथेच मिटला असता. तुम्ही इमोट निवडलात, कारण त्यात अंगाला काही लागत नाही. कोणी विचारलेच तर ‘मी तर छान खेळलास म्हणालो’ असे म्हणायला वाट राहते, आणि मावशींनी विचारले तेव्हाही तुम्ही अशीच एक पळवाट धरलीत. ज्याला टोचले त्याच्याकडे मात्र दाखवायला काहीच उरत नाही. ‘दादाने मला वेल प्लेड म्हटले’ ही तक्रार घेऊन तो आईकडे कसा जाणार? उलट, ‘हरला म्हणून रुसला, रडीचा डाव खेळतो’ असेच त्याला ऐकावे लागले असते. म्हणून तो गप्प राहिला आहे, आणि हे गप्प राहणे रडीचे नाही, एवढे माझ्या शब्दावर माना.

पत्त्यांच्या जगाला हा प्रश्न नवा नाही. ब्रिजमध्ये बोली तोंडाने लावली की आवाजाच्या चढउतारातून जोडीदाराला इशारे जातात, म्हणून १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये छापील बोलीपत्त्यांची पेटी आली. खेळाडू एक शब्दही न बोलता पत्ता पुढे ठेवतो. म्हणजे ठरावीक, आधीच छापलेला संदेश ही कल्पना तुमच्या खेळाच्या कितीतरी आधीची आहे. पण तो बोलीपत्ता सावकाश ठेवला की झटक्यात ठेवला, यातूनही माणूस बोलतोच, हे ब्रिजच्या जाणकारांनी ओळखले होते. डुप्लिकेट ब्रिजच्या, म्हणजे स्पर्धांत खेळल्या जाणाऱ्या ब्रिजच्या, नियमांतला ७४ वा नियम केवळ वागणुकीविषयी आहे. समोरच्याला त्रास होईल किंवा तो ओशाळेल असा शब्द आणि अशी कृती, दोन्ही टाळावीत, असे तो सांगतो; आणि उरलेले सगळे हात आपलेच आहेत हे कळल्यावरही समोरच्याला अस्वस्थ करण्यासाठी डाव लांबवू नये, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. ‘हार्थस्टोन’चे नाव न घेता तुमच्या त्या पाळीचे एवढे नेमके वर्णन मला दुसरीकडे आढळलेले नाही.

आपल्या घरांत पत्ते खेळताना चिडवत नाहीत का, असे तुम्ही म्हणाल. जरूर चिडवतात. मेंढीकोटात चारही दश्श्या ओढून कोट चढवला आणि समोरच्या जोडीला त्यावरून छेडले नाही, असे घर शोधून सापडणार नाही, आणि ते थांबावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण तिथे चिडवणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. लहानग्याचे ओठ थरथरू लागले की चिडवणारा काका आपणहून गप्प होतो, नाहीतर स्वयंपाकघरातून कोणीतरी ‘पुरे रे आता’ म्हणते, आणि पुढच्या डावात तोच लहानगा हुकमाचे पान टाकून काकाची दश्शी मारतो. हरणाऱ्याला उत्तर देता येते आणि मारणाऱ्याला थांबता येते, म्हणून ते चिडवणे पचते. तुमच्या भावाजवळ असलेल्या सहा इमोटांत ‘दादा, आता पुरे’ असे म्हणणारा एकही नव्हता. तो लिहू शकला असता हे खरे, पण हरत असताना मोठ्या भावाला तसे लिहिणे म्हणजे आपल्याला लागले आहे हे कबूल करणे, आणि २२ व्या वर्षी ते फार जड जाते. पुन्हा हेही लक्षात घ्या की अनोळखी माणसाच्या खिजवण्याला तो सरावलेला असेलच. हे त्याच्या दादाकडून आले.

‘सगळेच करतात’ याबद्दल थोडक्यात सांगते. सगळे करत नाहीत. जे करतात ते लक्षात राहतात आणि मुकाट्याने डाव संपवून जाणारे लक्षात राहत नाहीत. अनोळखी लोकांशी खेळताना तुम्ही डावाच्या आरंभी एकदा नमस्काराचा इमोट पाठवा, आणि दुसऱ्याच पाळीला समोरच्याचा रंग ओळखू आला तर त्याच्या हिरोच्या चित्रावरून त्याला गप्प करण्याची जी सोय दिलेली आहे ती निःसंकोच वापरा. खेळाडू तिला स्क्वेल्च म्हणतात आणि ती वापरणे म्हणजे माघार घेणे, असा एक समज आहे, तो सोडून द्या. समोरच्याने पाळी लांबवली की तो मुद्दामच छळतो आहे, असेही लगेच धरून चालू नका. तुमच्याच ठाण्याच्या लोकलमध्ये बसून खेळणाऱ्याचे नेटवर्क वाटेत मध्येच गेले, तरी समोरच्याला तो रोप जळतानाच दिसतो. आणि एखाद्या रात्री लागोपाठ डिवचणारेच भेटले, तर त्या रात्री भावाशी खेळू नका. बाहेरचा राग तुम्ही घरात आणलात, असे तुमच्या पत्रातून मला स्पष्ट दिसते, आणि यापुढे सर्वांत जास्त जपायचे ते तिथे.

आता भावाविषयी. त्याला फोन करा. तो उचलणार नाही असे वाटत असेल तर संदेश लिहा, पण गमतीचे स्टिकर आणि हसरे चेहरे पाठवू नका, तुमच्या दोघांत आधीच तयार चित्रांनी पुरेसा घोळ केला आहे. ‘तुला वाईट वाटले असेल तर सॉरी’ असे लिहू नका. वाईट वाटले आहेच. ‘त्या दिवशी डाव माझ्या हातात होता, मी मुद्दाम लांबवला आणि तुला डिवचण्यासाठी ते इमोट पाठवले, ते चुकले, पुन्हा करणार नाही’ एवढे लिहिले की पुरे. त्यापुढे अनोळखी लोकांनी तुम्हाला किती छळले हे जोडू नका आणि उत्तराची मागणी करू नका. त्याने आठवडाभर काही कळवले नाही तरी दुसरा संदेश नको. पुण्याला जाणे झाले तर भेटून या, तेव्हा खेळाचा विषय त्याने काढला तरच काढा.

पुन्हा खेळायचे ठरलेच, तर एक पथ्य पाळा. जिंकताना दिसताच डाव ताबडतोब संपवा आणि जे बोलायचे ते फोनवर, स्वतःच्या आवाजात बोला. हरताना दिसलात तर ‘वेल प्लेड’ आधी तुमच्याकडून जाऊ द्या. तो मोठ्याने लहानाला द्यायचा मान आहे आणि त्याला तो कळेल.

मावशींना मात्र भावाच्या उत्तराची वाट न पाहता खरे काय ते सांगून टाका. मुलगा अभ्यासाच्या ताणाने अबोल झाला आहे, अशी काळजी त्यांच्या मनात तुम्ही घालून ठेवली आहे, आणि एव्हाना त्यांनी पुण्याला फोन करून त्याच्याकडे चार वेळा चौकशी केली असेल. ‘आमचे खेळावरून वाजले, चूक माझी होती, मी त्याच्याशी बोलतो आहे’ इतके त्यांना पुरेल. समेट घडवून आणण्याची गळ त्यांना घालू नका. आईने सांगितले म्हणून तो बोलू लागला, तर तो मनापासून बोलतो आहे की आईसाठी, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

तुमची,
ताई