वाचकांचे प्रश्न : मुलांच्या ताटातलं लोह मोजायचं कसं?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेतली बहुतेक मुलं ऊसतोड कामगारांच्या नाहीतर शेतमजुरांच्या घरची. काल काय खाल्लं हे विचारून वहीत लिहिलंय, पण त्यातून लोहाचे मिलिग्रॅम कसे काढायचे?
– एक शिक्षिका, जालना जिल्हा

उत्तर : ‘दोन भाकरी, वाटीभर वरण’ एवढ्यावर हिशेब होत नाही. कुणाकडची भाकरी ५० ग्रॅम पिठाची, कुणाकडची ९० ची. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घरी न्या, आई परातीत नेहमीसारखं पीठ घेईल ते मळण्याआधी तोला आणि त्यात किती भाकरी झाल्या ते लिहा. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण २.४ मिलिग्रॅम लोह असतं, तेवढ्याच बाजरीत ३.८. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटकांच्या तक्त्यांत आकडे कच्च्या जिन्नसांचे आहेत. ते शिजलेल्या वजनाला लावले की लोह उगाच फुगतं.

वरणात तर हमखास फसायला होतं. १०० ग्रॅम तूरडाळीचं पाणी घालून लिटरभर वरण केलं, तर १५० मिलिलिटरच्या वाटीत डाळ येते १५ ग्रॅम, म्हणजे लोह जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. म्हणून डाळ किती, वरण किती झालं आणि मुलाला किती पळ्या वाढलं, हे तिन्ही विचारा.

शाळेची खिचडी आईला विचारून उपयोग नाही, ती तुम्हीच पाहा. पाचवीपर्यंत एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ ही शासनाची मात्रा. ताटात टाकलेलं त्यातून वजा करा. पोत्यावर ‘प्लस एफ’ची (+F) खूण, म्हणजे पोषणमूल्य वाढवलेल्या तांदळाची खूण, आहे का बघा. साध्या १०० ग्रॅम तांदळात ०.६५ मिलिग्रॅम लोह असतं, खूण असलेल्या तांदळात मानकाप्रमाणे २.८ ते ४.२५. हे सुटलं तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

एका दिवसावर जाऊ नका. लागोपाठ नसलेले दोन-तीन दिवस घ्या, त्यात एक रविवार हवाच, कारण त्या दिवशी खिचडी नसते. आई-वडील तोडीला गेल्यावर आजीजवळ राहणाऱ्या मुलांचं जेवण बदलतं, पावसाळ्यात तांदूळजा, चिघळ अशा पालेभाज्या ताटात येतात. तेव्हा दोन्ही हंगामांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. शाळेत मिळणारी लोहाची गोळी आहारात धरू नका, तिचा रकाना वेगळा.

तुलना करताना शिफारस केलेला आकडा नको, तो जवळजवळ प्रत्येक मुलाला पुरेल असा मुद्दाम वर ठेवलेला असतो. रोजची सरासरी गरज घ्या. ७ ते ९ वर्षांसाठी ती १० मिलिग्रॅम आहे, शिफारस १५. पंधराला रेघ मारली की जवळजवळ सगळा वर्ग ‘कमी’त जातो. आणि हा अंदाज गटाचा. एखाद्या मुलाला रक्तक्षय आहे की नाही ते रक्त तपासूनच कळेल. सकाळी चहा-भाकरी खाणाऱ्यांवर खूण करा, चहामुळे अंगी लागणारं लोह बरंच घटतं.

प्रश्न : लोखंडी तव्यातून येणारं लोह धरायचं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : कोरड्या भाकरीत ते फारसं उतरत नाही. चिंच घातलेली आमटी लोखंडी कढईत शिजत असेल, तर बरंच उतरतं. पण किती, ते कढईगणिक बदलतं. बेरजेत घेऊ नका, भांडं कोणतं तेवढं लिहून ठेवा.